झाकणं लागायच्या आधीचा मध

यंदा मार्चातल्या एका सकाळी समोरच्या घरातले गुरुराज कपाळाला आठ्या घालून स्कूटर पुसत होते. सीटवर, आरशावर, पाय ठेवायच्या जागेवर बारीक पांढरट-जांभळी फुलं पडली होती. गल्लीच्या तोंडाशी होंगेचं जुनं झाड आहे, मराठी मुलखात ज्याला करंज म्हणतात ते. मार्च उजाडला की ते असं फुलतं की खालचा रस्ता कुणी चुरमुऱ्याचं पोतं सांडल्यासारखा दिसतो. "ई मरा कडिसबेकु री," गुरुराज म्हणाले. म्हणजे हे झाड पाडायलाच हवं. दर वर्षी त्याच दिवसांत ते हे म्हणतात आणि दर वर्षी मी "हूं" म्हणून पुढे जातो. यंदा मी थांबलो. म्हटलं, "नको हो. माझ्याकडे पाहुणे आलेत, ते या झाडावर जेवतात." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. एकटा राहणारा म्हातारा असं काही बोलला की लोक त्याच्या मुलीचा फोन नंबर शोधायला लागतात.

पण पाहुणे खरंच आलेत. आमच्या मागच्या अंगणात शेवग्याखाली एक लाकडी पेटी आहे. नऊ वर्षं ती रिकामी होती. यंदा संक्रांतीनंतरच्या एका सकाळी मी दात घासत उभा होतो आणि पेटीच्या फटीशी दहा-बारा माश्या घुटमळताना दिसल्या. दुपारी सगळा थवाच आला. शेवग्याच्या फांदीवर घटकाभर लोंबकळला आणि मग एकेक करत आत शिरला, बस आल्यावर रांगेतली शहाणी माणसं शिरतात तसा. तोंडातला ब्रश मी दुपारपर्यंत हातात धरून होतो म्हणे. हे आमच्या मोलकरणीचं म्हणणं. मला आठवत नाही.

पेटी माझी नाही. ती अंबूची, माझ्या बायकोची. अंबुजा तिचं नाव. माहेर कृष्णराजनगरचं, कावेरीकाठी भाताची शेती, आणि बांधावर तिच्या वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या. आम्हा दोघांचीही घराणी म्हैसूरच्या जुन्या फौजेतली. कुठल्या पिढीत कोण कुठल्या घोड्यावर बसून इकडे आला ते सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही. आमच्या देवघरात एक गंजकी तलवार आहे आणि जिभेवर कन्नडात बुडवून काढलेली मराठी आहे, एवढीच त्या घोड्याची खूण. लग्नानंतरच्या वर्षी माझे सासरे पहिल्या बसनं म्हैसूरला आले ते मांडीवर ही पेटी घेऊन, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे? सासरे म्हणाले, मुलीचं सामान. शेजारी बसलेल्या बाईला ते सामान गुणगुणताना ऐकू आलं आणि ती म्हैसूरपर्यंत उभी राहून आली.

आता माझ्याबद्दल. देवराज मोहल्ल्यात, शिंप्यांच्या ओळीच्या वर, जिना चढून गेलं की माझा टायपिंगचा क्लास होता. तीस वर्षं मी मुलामुलींना एकच गोष्ट शिकवली, वेग. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस, मग पंचेचाळीस. हातात घड्याळ घेऊन मी त्यांच्या पाठीशी उभा राहायचो. ती सवय अंगात मुरली. बस साडेनऊची असली की मी पावणेनऊला स्टँडवर. भात शिजायच्या आधी पान मांडून बसलेला. अंबू म्हणायची, "अहो, तुम्हाला यम न्यायला आला ना, तर तुम्ही त्याच्या आधी पोचाल आणि त्यालाच उशीर झाला म्हणून ओरडाल." मी हसायचो. तेव्हा यम म्हणजे चेष्टेचाच विषय होता.

तिचं घड्याळ वेगळं होतं. ती वर्ष मोजायची ते फुलांवर. कडाक्याची थंडी आपल्याकडे कुठे? डिसेंबरात पहाटे एक शाल लागते तेवढीच. मी एकदा वाचनालयातून मधमाशीपालनाचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात हिवाळ्याआधी पेट्या गवतानं कशा गुंडाळायच्या, बर्फ कसा झाडायचा असं सगळं होतं. अंबूनं चित्रं पाहिली आणि खूप हसली. "आपल्या माश्यांचा हिवाळा आषाढात," ती म्हणाली. "पाऊस लागला की बाहेर जाता येत नाही, फुलं धुऊन जातात. तेव्हा घरात आहे तेवढंच खायचं." म्हणून होंगेचा मध काढायचा तो वैशाखात, आणि तोही मापानं. पेटीला दोन मजले. वरच्या मजल्यावरचं आपण घ्यायचं, त्यातलीही पोळ्याची एक चौकट भरलेली परत ठेवायची. खालच्या मजल्यावर त्यांची पिल्लं आणि त्यांचा स्वतःचा शिधा. त्याला हात लावायचा नाही. मग मे संपायच्या आत पेटी पावसासाठी बांधायची: वर पत्रा, त्यावर दगड, दार बोटभर राहील इतकं बारीक करायचं, चारी पायांखालच्या वाट्यांत पाणी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. त्यानंतर खंडेनवमीपर्यंत पेटी उघडायची नाही. तिच्या वडिलांचं एक वाक्य ती नेहमी सांगायची, "ज्याला आषाढात उपाशी ठेवलंस, तो दसऱ्याला तुझ्या दारात कशाला उभा राहील?"

खंडेनवमीला आमच्यासारख्यांच्या घरी शस्त्रं पुजतात. म्हैसूरभर रोषणाई, रस्ते माणसांनी फुललेले, आणि आमच्या देवघरात ती गंजकी तलवार पाटावर. अंबू तलवारीशेजारी मध कापायची सुरी ठेवायची आणि माश्या शांत करायचा धुराचा डबा. दोन्हींना हळदकुंकू. मी माझ्या टाइपरायटरला फूल वाहायचो ते क्लासमध्ये. माझी आई तेव्हा होती, ती म्हणाली होती, तलवारीशेजारी स्वयंपाकघरातली सुरी कशाला? अंबू म्हणाली, "अत्तेबाई, या घरात लढाईला आता तीच जाते की!" तेव्हापासून तो रिवाजच झाला.

मध तयार झाला की नाही हे ओळखायची तिची रीत साधी होती. माश्या पोळ्याच्या एकेका घरात फुलांचा रस भरतात, तो पंखांनी वाळवून घट्ट करतात, आणि झाला की वर मेणाचं पातळ झाकण लावतात. झाकण लागलं नाही म्हणजे मध अजून कच्चा, पाणचट. अंबू चौकट आडवी धरायची, खाली डाव्या हाताचा तळवा, आणि एक हलका झटका. तळव्यावर एक जरी थेंब पडला तरी चौकट परत आत. मग आठवडाभर तिच्याकडे विषय काढायचा नाही. मी काढायचो. "झाला असेल की आता?" ती म्हणायची, "ते काय तुमचे टायपिंगचे पोरं आहेत? त्यांच्या पाठी घड्याळ घेऊन उभं राहू नका री."

काढल्यावर पहिला चमचा तिचा. ती तो जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, आणि आम्ही सगळे, मी, आमची मुलगी रूपा, कधी शेजारचे, निकालाची वाट बघत उभे. मग ती दोनच शब्द म्हणायची, "छान आहे." ते दोन शब्द तिनं कधी फुकट वाटले नाहीत. माझ्या मावसभावानं एकदा मोठ्या कौतुकानं कुठलीशी बाटली आणली होती. तिनं चाखली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "गुळाचा पाक आहे भावोजी. दोश्याबरोबर बरा लागेल." तो पुढची दोन वर्षं आमच्याकडे आला नाही.

हे सगळं एवढ्या तपशिलानं सांगतोय कारण मला ज्या गोष्टीपाशी जायचं आहे तिथे जायला पाय उचलत नाहीत. एरवी सगळीकडे आधी पोचणारा माणूस मी.

त्या वर्षी शिवरात्र झाली आणि अंबूचं दुखणं काय आहे ते कळलं. पोटातलं होतं, आणि पसरलेलं होतं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. भला माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण उगादीपर्यंत धरून चाला. उगादीला तेव्हा चार आठवडे होते. मी बाहेर आलो आणि अंबूला सांगितलं, औषध बदललंय, पावसाळ्यानंतर आपण रूपाकडे बंगळूरला जाऊ शकू म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हौदा?" म्हणाली. असं का? मी म्हटलं, हो. ऑटोत बसल्यावर तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

रूपालाही मी खरं सांगितलं नव्हतं. सगळं माझ्या एकट्याच्या पोटात होतं. आम्ही अंबूची खाट मागच्या खोलीत खिडकीशी आणली. खिडकीतून शेवगा आणि पेटी दिसायची. दुपारी घर शांत झालं की पेटीची गुणगुण आत यायची. ती डोळे मिटून ऐकायची आणि मला बातम्या द्यायची. "आज खूप आणतायत. होंगे उघडला वाटतं." मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघायचो. खरंच पहिली फुलं खाली पडलेली असायची.

आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. होंगे आत्ता उघडलाय. मध भरायला महिना. झाकणं लागायला आणखी पंधरा दिवस. म्हणजे वैशाख. आणि माझ्यापाशी होती उगादी. कितीही वेगानं बोटं चालवली तरी हे पान वेळेत संपत नव्हतं. मला एकच हवं होतं. या वर्षीचा पहिला चमचा तिच्या जिभेवर पडावा. बाकी देवाकडे मागण्यासारखं मला काही सुचतच नव्हतं.

उगादीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी तिला औषधाची गुंगी होती. मी काथ्या पेटवून धुराचा डबा तयार केला, तोंडाला तिची जुनी साडी गुंडाळली आणि पेटी उघडली. एकट्यानं मी ती कधीच उघडली नव्हती. मी नेहमी डबा धरणारा. वरच्या मजल्यावर पोळी नवीन, पांढरी, अर्धवट बांधलेली. त्यांत रस चमकत होता, पण एकाही घराला झाकण नव्हतं. मी झटका देऊन पाहिला नाही. काय होणार ते मला ठाऊक होतं. तेवढ्या पोळ्यांत वाटीभरही निघाला नसता, म्हणून मी खालचा मजला उघडला. ज्याला हात लावायचा नाही तो. तिथली दोन पोळी कापली. त्यांत पिल्लं होती, पांढरी, तांदळाच्या दाण्यांएवढी. माश्या माझ्या हातांना झोंबल्या तरी मी कापत राहिलो. मग स्वयंपाकघरात बसून मलमलीतून ते सगळं पिळलं आणि गाळलं. अर्धी बाटली झाली.

तिला जाग आली तेव्हा मी चमचा घेऊन उभा होतो. माझे हात सुजून पुरीसारखे फुगले होते. तिनं आधी हात पाहिले, मग बाटली. उजेडाकडे धरा म्हणाली. मी धरली. बाटली कलती झाली तसा मध पाण्यासारखा इकडून तिकडे गेला. बाहेर माश्यांचा आवाज चढलेला होता, तोही तिला ऐकू येत असणार. तिनं तोंड उघडलं. मी चमचा दिला. तिनं डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले.

"छान आहे," ती म्हणाली.

मी किती सुखावलो काय सांगू! मूर्खासारखा सुखावलो. बाटली तिच्या उशाशी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी औषध देताना ती सहज म्हणाली, "अहो, त्या बाटलीचं झाकण जरा सैल करून ठेवा." मी केलं. का, हे विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास मी तिला पेज भरवत होतो. पेटीचा आवाज एकदम वाढला. भर रस्त्यात मिरवणूक वळावी तसा तो पेटीतून निघून अंगणात आला, शेवग्यावर चढला आणि घरावरून पलीकडे गेला. अंबूची मान आवाजाबरोबर वळत गेली. मग अंगणात काहीच आवाज राहिला नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"निघाले," ती म्हणाली. मी म्हटलं, येतील परत. ती म्हणाली, "पेज गार होतेय."

त्यानंतर तिनं कामं काढली. आधी मला गॅसचा सिलिंडर बदलायला शिकवलं. मग हुळी, म्हणजे आमची आंबट आमटी, कशी करायची, डाळीत चिंच कधी घालायची. साड्या काढून ठेवल्या, ही रूपाला, ही नणंदेला, ही मोलकरणीला. रूपाला फोन करून म्हणाली, रजा काढून चार दिवस येऊन जा, आणि येताना बाळाला घेऊन ये. मी मनात म्हणायचो, हिला बरं वाटायला लागलंय. घरात लक्ष घालतेय.

आणि मग उगादी आली. मी कडुलिंब-गूळ तिच्या तळहातावर ठेवला. माझ्या हिशेबात पुढचं पान नव्हतं. उगादी गेली. दुसरा दिवस आला. आठवडा गेला. अंबू होती. होंगे भरात आला. गल्लीच्या तोंडाशी दुपारी उभं राहिलं तर आख्खं झाड गुणगुणत होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी माश्यांनी. वैशाख आला. होंगेची फुलं संपली, पोपटी पानं दाट झाली. अंबू होतीच. ज्या दिवशी तिनं एरवी सुरी हातात घेतली असती तो दिवस आला आणि गेला, आणि ती रिकाम्या पेटीकडे तोंड करून खाटेवर पडून होती. नऊ वर्षं मी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. मी दम धरला असता तर ती सगळा हंगाम गुणगुण ऐकत राहिली असती, झाकण लागलेला मध तिनं स्वतः झटका देऊन पाहिला असता. वेळ होता. तिच्यापाशी वेळ होता आणि मी तो माझ्या हातानं कापून मलमलीत पिळला.

वैशाखातल्याच एका दुपारी मी फळीवरची ती बाटली उचलली. वर फेस आला होता. आंबूस वास. कच्चा मध राहत नाही, तो फसफसतो. झाकण घट्ट असतं तर बाटली फुटली असती. मी बाटली हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि तेव्हा कुठे मला समजलं. सैल झाकण. म्हणजे तिला चमचा जिभेवर ठेवताक्षणी कळलं होतं, मध कच्चा आहे. आणि तिला हेही ठाऊक होतं की तिला जिवंत ठेवायची आशा असलेला माणूस होंगेच्या पहिल्या आठवड्यात पेटी कापत नाही. मी डॉक्टरांची गोष्ट इतक्या जपून लपवली, आणि चमच्यात घालून माझ्याच हातानं तिच्या तोंडात दिली. गॅसचा सिलिंडर, चिंच, साड्या, सगळं त्या चमच्यानंतरचं होतं. मी बाटली मोरीत ओतली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडलो. बाहेर आलो तर ती म्हणाली, "नळाचा वायसर गेलाय काय हो? केवढा आवाज."

मे संपत आला तेव्हा तिनं मला पेटी बांधायला लावली. मी म्हटलं, अंबू, आत कुणी नाही. ती म्हणाली, "नसू देत. घर आहे ना?" खिडकीतून ती सांगत गेली आणि मी करत गेलो. उरलेली पोळी काढून आतून पेटी खरवडली, कोपऱ्यांवरून जळती काडी फिरवली म्हणजे किडा राहत नाही, मेणाचा तुकडा कडांना चोळला. पत्रा ठेवला, दगड ठेवला. "दार बारीक करा. अजून. बोटभर." चारी वाट्यांत पाणी ओतलं. घाम पुसत खिडकीशी आलो तर ती म्हणाली, "दर वर्षी करायचं हं. स्वल्पसुद्धा आळस नको. कुणी आलं तर घर तयार हवं."

आषाढ लागला. आमच्याकडे आषाढातल्या शुक्रवारी चामुंडीच्या डोंगरावर जायला झुंबड उडते. दुसऱ्या शुक्रवारी गुरुराजांच्या बायकोनं देवीचं कुंकू आणून दिलं, ते मी अंबूच्या कपाळाला लावलं. बाहेर बारीक पाऊस होता. पेटीवरच्या पत्र्यावर त्याचा आवाज येत होता. तिचा आवाज तोवर फार खाली गेला होता, मी कान जवळ नेला.

"पुढच्या वर्षी घाई करू नका," ती म्हणाली. "झाकणं लावू देत त्यांना."

मी म्हटलं, "अंबू, मला वाटलं…"

"गोत्तु," ती म्हणाली. मला ठाऊक आहे. "साकु, बास आता. रडू नका." थोड्या वेळानं परत म्हणाली, "पातळ होता. पण गोड होता हो."

सोमवारी सकाळी ती गेली. मी खाटेशी बसलेलो होतो. त्या एका दिवशी मी कुठेही आधी पोचलो नाही.

त्यानंतर आठ वेळा मी मे महिन्यात रिकाम्या पेटीवर पत्रा ठेवला. नऊ वेळा खंडेनवमीला तलवारीशेजारी सुरी ठेवली. क्लास बंद झाला, टाइपरायटर भंगारवाल्यानं नेले, एक ठेवून घेतला आहे. रूपा म्हणायची, "अप्पा, ती पेटी देऊन टाका ना कुणाला. सुम्ने, उगाच का त्रास करून घेता?" मी म्हणायचो, बघू.

आणि यंदा ते आले. यंदा होंगे फुलला, भरात आला आणि ओसरला, आणि मी पेटीला हात लावला नाही. रोज दुपारी त्या खिडकीशी बसून ऐकतो. आज वैशाखातली सकाळ. धुराचा डबा पेटवला, वरच्या मजल्यावरची चौकट काढली. या कडेपासून त्या कडेपर्यंत झाकणं. आडवी धरली, खाली डावा तळवा, आणि झटका दिला. थेंब पडला नाही. मी परत दिला. तळवा कोरडाच होता. दोन चौकटी घेतल्या, एक भरलेली परत ठेवली, खालच्या मजल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं तिनं सांगितलं होतं तसं. मध बाटलीत उतरायलाच तासभर लागला. बाटली आडवी केली तरी तो हलायला तयार नव्हता. झाकण घट्ट लावलं.

इतक्यात रूपाचा फोन आला. तिला कालच सांगून ठेवलं होतं. "अप्पा, काढला? चाखला की नाही अजून?" म्हटलं, थांब. चमचा भरला. पहिला चमचा कुणाचा असतो ते मला ठाऊक होतं. खाट अजून खिडकीशीच आहे, तिकडे बघत तो मी माझ्या जिभेवर ठेवला. दाट होता, होंगेचा किंचित कडवट वास, घशातून उतरायला वेळ घेणारा. इतका अस्सल मध आमच्या घरात कधी निघाला नव्हता. मला तो पातळ हवा होता. त्या चमच्यासाठी मी हा सगळा मोरीत ओतला असता.

"कसा आहे अप्पा?" रूपा विचारत होती. "सांगा ना."

मी डोळे मिटले होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"छान आहे," मी म्हणालो.